संगणक बदलताना गाण्यांचे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एरवी धडधाकट असलेले असंख्य संगणक अधिकृतरीत्या ‘जुने’ ठरले. नवा घ्यायचाच तर मग मॅक का नको, असा विचार त्यानंतर अनेकांनी केला. ज्यांचे काम ईमेल, कागदपत्रे आणि छायाचित्रे एवढ्यापुरते असते, त्यांचे हे स्थलांतर एखाद्या शनिवारी दुपारी उरकते. घरात छोटासा स्टुडिओ थाटलेल्यांचे मात्र तसे होत नाही.

परदेशस्थ मराठी घरांत असा स्टुडिओ आता नवलाईचा राहिलेला नाही. दिवसभर बँकेत, रुग्णालयात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी माणसे रात्री मुले झोपल्यावर कपड्यांच्या कपाटापाशी माइक लावून गातात, पेटी वाजवतात, पुण्या-मुंबईतल्या संगीत संयोजकाकडून आलेल्या वाद्यमेळावर आवाज भरून परत पाठवतात. दहा-बारा वर्षांत त्या संगणकावर बरेच काही साठलेले असते: महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवासाठी बसवलेल्या आरत्या, अर्धवट राहिलेली भावगीते, सुट्टीत गावी गेल्यावर आजीच्या आवाजात टिपून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. नवा संगणक घरी येतो, जुनी हार्ड डिस्क त्याला जोडली जाते, फाइलवर टिचकी मारली जाते आणि पडद्यावर उत्तर येते, की ही फाइल उघडता येत नाही. ओव्या कुठेही गेलेल्या नसतात. त्या डिस्कवरच असतात, फक्त त्यांच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता जुन्या संगणकातच राहिलेला असतो.

म्हणून संगणक बदलणाऱ्या संगीतप्रेमीचा पहिला प्रश्न ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यावे’ हा नसावा. ‘आपली गाणी जुन्या सॉफ्टवेअरमधून बाहेर कशी काढावीत’ हा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि त्याचे उत्तर जुना संगणक चालू आहे तोवरच मिळते.

प्रोजेक्ट फाइल म्हणजे गाणे नव्हे

संगीत-निर्मितीच्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात; पुढे सोयीसाठी ‘वर्कस्टेशन’ एवढेच म्हटले आहे. त्यात एखादे गाणे ‘सेव्ह’ केले जाते तेव्हा प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. माइकमधून आलेला आवाज बहुधा वेव्ह या स्वरूपाच्या फाइलींत स्वतंत्रपणे उतरतो. कोणत्या क्षणी कोणती फाइल वाजवायची, कुठे कापायची, कोणता ट्रॅक किती मोठा ठेवायचा, या सूचना प्रोजेक्ट फाइलमध्ये जातात. आणि आवाजावर चढवलेली प्रतिध्वनीची झालर किंवा संगणकानेच वाजवलेली सतार आणि व्हायोलिने तिसऱ्याच ठिकाणाहून, म्हणजे प्लगिन नावाच्या पूरक सॉफ्टवेअरमधून, येतात.

यांपैकी पहिली गोष्ट सर्वत्र चालते. वेव्ह फाइल विंडोज, मॅक, लिनक्स, फोन, कशावरही उघडते. दुसरी मात्र त्या त्या वर्कस्टेशनच्या खासगी लिपीत लिहिलेली असते. भातखंडे आणि पलुसकर यांच्या स्वरलेखन पद्धतींचे उदाहरण येथे सोयीचे आहे. बंदिश तीच, पण चिन्हे वेगळी. एकच पद्धत शिकलेल्याला दुसरीतले पान अडखळतच वाचता येते. वर्कस्टेशनांचे एकमेकांशी नाते याहूनही दूरचे आहे. एकाची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्याला सहसा मुळीच वाचता येत नाही.

तिसरी गोष्ट, प्लगिन, सर्वांत हळवी. प्लगिन हा स्वतःच एक कार्यक्रम असतो आणि तो प्रत्येक प्रणालीसाठी निराळा बांधावा लागतो. विंडोजवरचा प्लगिन मॅकवर नुसता नकलून चालत नाही. शिवाय त्यांची स्वरूपेही अनेक आहेत. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६मध्ये आणलेले व्हीएसटी हे सर्वांत प्रचलित; ॲपलचे एयू फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालते; अविड कंपनीचे एएएक्स तिच्या प्रो टूल्ससाठी आहे. लॉजिक प्रो केवळ एयू स्वीकारते, प्रो टूल्स केवळ एएएक्स. प्लगिन बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या एकाच परवान्यावर विंडोज आणि मॅक या दोन्हींसाठीची आवृत्ती देतात, ही त्यातल्या त्यात सुखाची बाब. पण पंधरा वर्षांपूर्वी कुणा हौशी प्रोग्रामरने विनामूल्य वाटलेला, फक्त विंडोजसाठी लिहिलेला एखादा लाडका प्लगिन मॅकवर येणार नाही, हे गृहीत धरावे.

मॅक घेतला म्हणून लॉजिक?

मॅक विकत घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘आता लॉजिक प्रो घे’. सल्ला वाईट नाही. सुमारे २०० डॉलर एकदा मोजले की लॉजिकमध्ये वाद्यांचा आणि प्रक्रियांचा मोठा खजिना मिळतो, आणि मॅकबरोबर विनामूल्य मिळणाऱ्या गॅरेजबँडमधील गाणी त्यात थेट उघडतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि सुबक पर्याय सापडणे कठीण. पण ज्याच्यामागे दहा वर्षांचा संचय आहे, त्याने लॉजिकचाच इतिहास आधी पाहावा. लॉजिक मूळचे इमॅजिक या जर्मन कंपनीचे आणि ते विंडोजवरही चालत असे. जुलै २००२मध्ये ॲपलने इमॅजिक विकत घेतली आणि त्याच वर्षी विंडोजची आवृत्ती बंद झाली. ज्या संगीतकारांनी विंडोजवर लॉजिक आत्मसात केले होते, त्यांच्यापुढे यंत्र बदलणे किंवा सॉफ्टवेअर बदलणे एवढेच दोन मार्ग उरले.

उलट बाजूचे उदाहरण केकवॉकचे. सोनार या नावाने विंडोजवर लोकप्रिय असलेले हे वर्कस्टेशन नोव्हेंबर २०१७मध्ये त्याच्या तत्कालीन मालकाने, गिटारसाठी प्रसिद्ध असलेल्या गिब्सन कंपनीने, बंद केले. फेब्रुवारी २०१८मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेऊन पुन्हा उभे केले, म्हणून त्याचे वापरकर्ते वाचले. एकाच प्रणालीवर चालणारे सॉफ्टवेअर निवडणे म्हणजे एकाच कंपनीच्या मर्जीवर आपले कपाट सोपवणे होय, हे या दोन घटनांवरून दिसते. कोणी तरीही लॉजिक निवडले तर त्यात गैर काही नाही. मात्र ती निवड डोळे उघडे ठेवून केलेली असावी.

जुने वर्कस्टेशन दोन्ही प्रणालींवर चालणारे असेल, तर निदान पहिले वर्षभर त्यातच राहणे शहाणपणाचे. क्युबेस, एबल्टन लाइव्ह, प्रो टूल्स, रीपर यांच्या प्रोजेक्ट फाइली विंडोजवरून मॅकवर जशाच्या तशा उघडतात. त्यांचे परवानेही सहसा दोन्हीकडे चालतात. बेल्जियमचे एफएल स्टुडिओ अनेक वर्षे विंडोजपुरते होते. २०१८मध्ये आलेल्या विसाव्या आवृत्तीपासून ते मॅकवरही अधिकृतपणे आले. अशा वापरकर्त्याला नव्या यंत्रावर तेच वर्कस्टेशन आणि त्याच प्लगिनांच्या मॅक-आवृत्त्या बसवल्या की जुने गाणे बहुतांशी तसेच वाजताना ऐकू येते. येथे एक बारीक अट आहे. जुन्या गाण्यात व्हीएसटी स्वरूपातला प्लगिन असेल तर नव्या ठिकाणीही त्याचेच व्हीएसटी रूप बसवावे. त्याच प्लगिनचे एयू रूप बसवले तर वर्कस्टेशनला ते वेगळेच वाटू शकते आणि साऱ्या मात्रा मूळ पदावर येतात. खबरदारी म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या प्लगिनची मांडणी त्याच्या स्वतःच्या ‘प्रीसेट’ यादीत नाव देऊन जपून ठेवावी. ती फाइल पुष्कळदा स्वरूपांची ही भिंत ओलांडते.

यंत्र बदलताना वर्कस्टेशनही बदलणे भागच असेल, तर रीपरचा विचार अवश्य व्हावा. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे आणि त्याआधी ६० दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. दिसायला ते रुक्ष आहे, आणि त्यात तयार वाद्यांचा साठा जवळजवळ नाही. पण त्याची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराच्या रूपात असते; उद्या कंपनीच राहिली नाही तरी कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो, हे ती फाइल कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येईल. जपणुकीच्या दृष्टीने हा गुण देखण्या पडद्यापेक्षा मोलाचा आहे.

आणखी एक निकष पुष्कळदा विसरला जातो: आपण कोणाबरोबर काम करतो? मुंबईच्या चित्रपट-ध्वनीच्या स्टुडिओंत प्रो टूल्सचे प्राबल्य आहे. ज्याचे गाणे अखेरीस तिथे जाऊन मिसळले जाणार आहे, त्याने केवळ मित्राच्या आग्रहास्तव तिसरेच वर्कस्टेशन शिकण्यात वर्ष घालवू नये. मात्र पलीकडचा संयोजक फक्त वेव्ह फाइली मागत असेल, आणि बहुतेक जण तेवढ्याच मागतात, तर येथे काहीही वापरले तरी त्याला फरक पडत नाही.

जुन्या यंत्रावरचे शेवटचे काम

आता मुख्य कामाकडे. जुना संगणक चालू आहे, जुने वर्कस्टेशन उघडते आहे, तोवर प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढावा. बहुतेक वर्कस्टेशनांत सर्व ट्रॅक एकदम निर्यात करण्याची सोय असते. सर्व फाइली गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सुरू झाल्या पाहिजेत. बासरी दुसऱ्या कडव्यानंतर येत असली तरी तिच्या फाइलच्या सुरुवातीला तेवढी शांतता राहू द्यावी. मग नव्या वर्कस्टेशनमध्ये साऱ्या फाइली शून्यावर ठेवल्या की आपोआप जुळतात. हा नियम मोडला तर बासरी आपल्या जागी बसवण्यासाठी कानाने चाचपडत बसावे लागते, आणि तालाच्या बाबतीत शतांश सेकंदाची चूकही कानाला बोचते.

फाइली २४ बिटांच्या असाव्यात आणि नमुना-दर, म्हणजे सॅम्पल रेट, मूळ गाण्याचाच ठेवावा. हा दर सहसा सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने असा असतो. याकडे दुर्लक्ष झाले तर गमतीदार, पण संतापजनक प्रकार घडतो. ४८,०००ची फाइल रूपांतर न होता ४४,१००च्या गाण्यात वाजली, तर ती सुमारे ८ टक्के संथ होते आणि स्वर जवळजवळ दीड पट्टी खाली उतरतो. काळी दोनमध्ये गायलेले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी लटकते. गाणारीला स्वतःचा आवाज परका वाटतो आणि पेटीवाला कोणतीच पट्टी धरू शकत नाही.

प्रत्येक ट्रॅक दोनदा काढणे उत्तम. एकदा कोरा, जसा माइकमधून आला तसा. आणि एकदा प्रतिध्वनी वगैरे संस्कारांसह. कोऱ्या प्रतीवर पुढे नव्याने काम करता येते, तर संस्कारित प्रत जुने रूप टिकवते. संगणकाने वाजवलेल्या वाद्यांच्या बाबतीत मिडी फाइलही काढावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. मिडी म्हणजे कोणता स्वर केव्हा आणि किती जोराने दाबला याची नोंद. तिच्यात आवाज नसतो. सतारीचा प्लगिन नव्या यंत्रावर नसेल तर तीच मिडी फाइल पियानोत वाजू लागते, आणि मींडेचे काय होते ते सांगायलाच नको. म्हणून अशा वाद्यांचाही आवाज वेव्हमध्ये उतरवून ठेवणे अत्यावश्यक आहे. लॉजिककडून विंडोजकडे जाणाऱ्यांना ही सूचना दुप्पट लागू पडते, कारण लॉजिकची अंगभूत वाद्ये विंडोजवर मिळत नाहीत.

जागेची चिंता करण्याचे कारण नाही. ४८,००० नमुने आणि २४ बिट या दर्जाची एकेरी, म्हणजे मोनो, फाइल मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेते. पाच मिनिटांच्या गाण्यात असे २४ ट्रॅक असले तरी एकूण आकार एक गिगाबाइटच्या आसपास राहतो. दोनदा काढले तरी दोन. शंभर गाण्यांचा आयुष्यभराचा ठेवा एका साध्या बाह्य डिस्कवर सहज मावतो.

डिस्कच्या बाबतीत एक अडथळा मात्र येतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने बांधलेली डिस्क मॅक वाचू शकतो, पण तिच्यावर लिहू शकत नाही. मॅकच्या एपीएफएस पद्धतीची डिस्क विंडोजला आपणहून वाचताच येत नाही. दोघांमध्ये ये-जा करणारी डिस्क एक्सफॅट पद्धतीने बांधावी. ही पद्धत वाहतुकीसाठी चांगली, पण अचानक तार निघाल्यास बिघडण्याची शक्यता तिच्यात अधिक असते. तेव्हा ठेव्याची दुसरी प्रत अन्यत्र असणे बरे.

एक काम यंत्र करत नाही, ते माणसाने करायचे असते. प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक चिठ्ठी ठेवावी: लय किती, ताल कोणता, पट्टी कोणती, कोणत्या ट्रॅकवर कोणता प्लगिन होता. भारतीय संगीताच्या संदर्भात यात आणखी एका ओळीची भर पडते. पाश्चात्त्य वर्कस्टेशन मध्य सप्तकातला ए हा स्वर ४४० हर्ट्झचा धरून चालते. घरातली पेटी तशीच असेल असे नाही. अनेक जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात. अशी पेटी आधी ध्वनिमुद्रित करून मग तिच्याशी जुळावे म्हणून प्रोजेक्टचा स्वर ४४२ किंवा ४३८वर नेलेला असेल, तर नवे वर्कस्टेशन पुन्हा ४४०पासून सुरुवात करते. मग प्लगिनची व्हायोलिने पेटीशी किंचित भांडत राहतात आणि नेमके काय बिघडले ते कळत नाही. तालाचेही तसेच. वर्कस्टेशनचे ठोके मुळात चारचारच्या हिशेबाने लागतात. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रांसाठी ते बदलावे लागतात, आणि आवर्तनाच्या रेषा जुन्याप्रमाणेच पडल्या नाहीत तर पुढे एखादे आवर्तन कापून जोडणे जिकिरीचे होते. ठेक्याशिवाय मोकळ्या गायलेल्या ओवीला किंवा आलापीला यातले काहीच लागत नाही. त्यांच्यासाठी पहिल्या क्षणापासूनची वेव्ह फाइल पुरेशी आहे.

अलीकडे डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचे एक खुले स्वरूप पुढे आले आहे. बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी २०२३मध्ये ते मांडले आणि पुढे क्युबेसनेही स्वीकारले. ट्रॅक, स्वर, आवाजाचे चढ-उतार, अगदी प्लगिनच्या मात्राही ते एका वर्कस्टेशनमधून दुसऱ्यात नेऊ शकते. दोन्ही टोकांना त्याला आधार असेल तर त्याचा लाभ जरूर घ्यावा, पण वेव्ह फाइलींना जोड म्हणून, त्यांच्याऐवजी नव्हे.

सारे काढून झाले की तपासणी. संस्कारित ट्रॅक नव्या वर्कस्टेशनमध्ये एकत्र लावावेत आणि जुन्या यंत्रावर त्याच ट्रॅकांपासून काढलेले एकत्रित मिश्रण शेजारी ठेवावे. त्या मिश्रणाची ध्रुवता उलटी करून दोन्ही एकाच वेळी वाजवले, तर सर्व काही बरोबर असल्यास दोन्ही ध्वनी परस्परांना खोडून काढतात आणि जवळजवळ शांतता उरते. काही उरलेच तर जे ऐकू येते तेच सुटून गेलेले असते: एखादा विसरलेला टाळ किंवा मूक करून ठेवलेला कोरस. एकत्रित मिश्रणावर अखेरचा संस्कार केलेला असेल तर ही कसोटी लागू पडत नाही. तेव्हा तो संस्कार तात्पुरता काढून मिश्रण घ्यावे.

रोझेटा ही धर्मशाळा

नव्या मॅकवर पाऊल ठेवल्यावर एक निराळाच प्रश्न समोर येतो. नोव्हेंबर २०२०पासून ॲपल आपल्या संगणकांत इंटेलऐवजी स्वतःची चिप बसवू लागली. इंटेलसाठी लिहिलेले जुने सॉफ्टवेअर या चिपवर रोझेटा २ नावाच्या दुभाष्यामार्फत चालते. त्यामुळे ‘मॅकसाठी उपलब्ध’ असे लिहिलेला प्रत्येक प्लगिन नव्या मॅकवर थेट चालतोच असे नाही. एखादा प्लगिन केवळ इंटेलसाठी असेल, तर बहुतेक वर्कस्टेशनांत संपूर्ण वर्कस्टेशनच रोझेटात उघडावे लागते; लॉजिक मात्र असे काही एयू प्लगिन पडद्याआड स्वतंत्रपणे सांभाळून घेते.

हा दुभाष्या कायमचा नाही. मॅकओएस २७पर्यंत रोझेटा सर्वसाधारण वापरासाठी राहील आणि त्यानंतर काही जुन्या खेळांपुरताच मर्यादित आधार उरेल, असे ॲपलने २०२५मध्ये जाहीर केले आहे. याला पूर्वेतिहासही आहे. पॉवरपीसी चिपवरून इंटेलकडे जाताना दिलेली पहिली रोझेटा ॲपलने २०११च्या लायन आवृत्तीत काढून टाकली. २०१९च्या कॅटालिना आवृत्तीने ३२ बिटांचे सारे सॉफ्टवेअर एका झटक्यात निकामी केले. तेव्हा रोझेटाला धर्मशाळा समजावे. जुने गाणे उघडून त्याचे ट्रॅक वेव्हमध्ये उतरवून घेण्यापुरता मुक्काम करावा. नवे गाणे तिच्या भरवशावर बांधू नये.

आवाज आत येतो कसा

माइक आणि संगणक यांच्यामधले ऑडिओ इंटरफेस हे उपकरणही या बदलात तपासावे लागते. अलीकडचे यूएसबी इंटरफेस बहुधा मॅकवर जोडताच चालू होतात. मात्र जुना फायरवायरचा इंटरफेस ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याला निरोप देण्याची तयारी ठेवावी. मॅकओएस २६ने फायरवायरचा आधारच काढून घेतला आहे.

विंडोजवर चांगल्या ध्वनिमुद्रणासाठी इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर बसवावा लागतो, आणि वर्कस्टेशन सामान्यतः एका वेळी एकच असा ड्रायव्हर वापरू देते. मॅकची कोअर ऑडिओ ही व्यवस्था प्रणालीतच अंगभूत आहे आणि ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दोन उपकरणे जोडून एक करण्याची सोयही ती देते. विंडोजवरून आलेल्याला हे माहेरपण वाटते. पण पहिल्याच दिवशी एक घोटाळा ठरलेला असतो: वर्कस्टेशन उघडते, गाणे वाजते, माइकचा ट्रॅक मात्र मुका राहतो. इंटरफेस बिघडलेला नसतो. २०१८च्या मोहावे आवृत्तीपासून मॅकवर प्रत्येक कार्यक्रमाला माइक वापरण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते. प्रणालीच्या सेटिंगमधील गोपनीयतेच्या विभागात ती देऊन वर्कस्टेशन पुन्हा सुरू केले की आवाज येतो.

राहिला विलंबाचा प्रश्न. गायकाचा आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत जो वेळ लागतो, तो मुख्यतः ‘बफर’ या आकड्यावर ठरतो. ४८,००० नमुन्यांच्या दराने १२८चा बफर म्हणजे एका दिशेला सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६चा ५.३ आणि १०२४चा २१. जाऊन-येऊन हा हिशेब दुप्पट होतो, वर उपकरणाचा स्वतःचा थोडा वेळ. ध्वनी हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा तबलजी साडेतीन मीटरवर बसल्यासारखा आहे. बैठकीत ते चालून जाते, कानात घातलेल्या हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज तसा आला तर मुरकी घेताना जीभ अडखळते. गाताना बफर ६४ किंवा १२८ ठेवावा आणि मिश्रण करताना १०२४. नवे संगणक इतके वेगवान आहेत, की जुन्या यंत्रावर ५१२च्या खाली उतरता येत नसल्याने लागलेल्या सवयी अनेक जण विनाकारण पुढे चालवतात.

लिनक्सकडे वळणारे थोडे असतात, पण जुन्या संगणकाला नवे आयुष्य देण्याचा तो एक मार्ग आहे. आर्डर हे मुक्तस्रोत वर्कस्टेशन तेथे आहे, रीपर आणि बिटविगही आहेत. विंडोजचे काही प्लगिन याब्रिज या पुलावरून चालवता येतात. आयलॉक पद्धतीच्या परवान्याची अधिकृत व्यवस्था मात्र लिनक्सवर नाही, आणि बाजारातले बरेच महागडे प्लगिन त्याच पद्धतीचे आहेत.

जुना संगणक पुसण्याआधी

परवान्यांचा हिशेब सर्वांत शेवटी, पण विसरू नये असा. पुष्कळ कंपन्या एका परवान्यावर दोन किंवा तीन यंत्रेच मान्य करतात. जुन्या यंत्रावरचा परवाना आधी परत केला नाही आणि डिस्क पुसून टाकली, तर ती जागा अडकून राहते आणि कंपनीच्या मदत केंद्राशी पत्रव्यवहार करत बसावे लागते. आयलॉकचे यंत्राला जोडलेले परवाने तिथूनच निष्क्रिय करून खात्यात आणता येतात. क्युबेसने २०२२च्या बाराव्या आवृत्तीपासून आपली यूएसबी किल्ली सोडून दिली. त्याआधीच्या आवृत्त्यांची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी जुनी गाणी जुन्या यंत्रावरच उघडून रिकामी करून घेतलेली बरी. भारतातून परदेशात येताना सोडून दिलेल्या एखाद्या ईमेल पत्त्यावर खरेदी नोंदवलेली असेल, तर तो पत्ता आधी बदलून घ्यावा. संकेतशब्द विसरल्यावर येणारे पत्र तिथेच जाते.

विंडोज १०चा आधार संपला म्हणून तो संगणक चालायचा थांबत नाही. धोका मुख्यतः इंटरनेटवरून येतो. परवाने सोडवून झाले की त्याची जाळ्याशी असलेली जोडणी काढावी आणि जे वर्कस्टेशन व प्लगिन इंटरनेटशिवाय उघडतात, तेवढ्यांसाठी तो कोपऱ्यात राहू द्यावा. सर्वांत जुने गाणे आधी उघडावे, कारण त्यातले प्लगिन सर्वांत आधी नाहीसे होणारे असतात. ताज्या गाण्यांना थोडी उसंत असते. आठवड्याला दोन गाणी या गतीने शंभर गाण्यांना वर्ष लागते, आणि एवढा काळ जुन्या यंत्राला एक वीजजोड पुरतो.